अर्धशिशी आणि मेंदूतले सात पांढरे ठिपके

सांगलीतील एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात मी १९ वर्षे काम करते. तारण म्हणून येणाऱ्या जमिनींचे आणि घरांचे वकिलांनी दिलेले सर्च रिपोर्ट वाचणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. ‘या मिळकतीवर बोजा नाही’ असे कोणताही जाणता वकील लिहीत नाही. ‘पाहिलेल्या नोंदींवरून बोजा दिसून येत नाही’ असे तो लिहितो, आणि या दोन वाक्यांत काय फरक आहे हे नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना मीच समजावून सांगते. स्वतःच्या मेंदूचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मात्र हे सगळे शहाणपण कुठल्या कुठे गेले आणि पुढचे चार दिवस मी तो एखाद्या अडाणी कर्जदारासारखा वाचत राहिले.

मला अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, सतराव्या वर्षापासून आहे. माहेरी तिला कोणी अर्धशिशी म्हटले नाही; ते पित्त होते. उलटी झाली की डोके उतरायचे, आणि उलटीने उतरते म्हणजे पित्तच, असा सरळ हिशेब होता. आई सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची आणि खोलीची खिडकी बंद करून घ्यायची. त्या अंधाराने बरे वाटायचे हे खरे. डोके दुखण्याआधी वीसेक मिनिटे डोळ्यांपुढे काय होते ते मात्र मी कधी कोणाला सांगितलेच नाही. वाचता वाचता शब्दाच्या मधले एखादे अक्षर नाहीसे होते, मग त्या रिकाम्या जागेभोवती चमकणारी नागमोडी कड तयार होते, ती हळूहळू कोयत्याच्या आकाराची होऊन बाजूला सरकते आणि विरून जाते. खरा त्रास त्यानंतर सुरू होत असल्यामुळे आधीचा हा देखावा सांगण्यासारखा आजार आहे असे मला वाटलेच नव्हते. त्याला ऑरा म्हणतात हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळले.

निमित्त घडले मार्चअखेरीस. त्या दिवसांत बँकेत जेवायलाही सवड नसते. दुपारी तीनच्या सुमारास थकीत खात्यांची यादी तपासताना आकड्यांच्या मधले अंक दिसेनासे झाले. ते सवयीचे असल्यामुळे मी डोळे मिटून बसले. पण या वेळी डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, त्या दहा-बारा मिनिटांत मनगटावरून कोपरापर्यंत चढल्या आणि नंतर ओठांचा डावा कोपरा व जिभेची अर्धी बाजू बधिर झाली. शेजारच्या सहकाऱ्याला मला ‘हप्ता’ हा शब्द सांगायचा होता. तो समोर दिसत होता, पण तोंडातून येत नव्हता. हे सगळे साधारण ३५ मिनिटांत ओसरले आणि मग नेहमीसारखे उजवे कपाळ ठणकू लागले. माझ्या वडिलांच्या अंगावरून वारे गेले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. त्यामुळे त्या ३५ मिनिटांत माझ्या मनात दुसरा कोणताही विचार नव्हता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोन्ही हात समोर धरायला लावले, हसायला सांगितले, जीभ बाहेर काढायला सांगितली, रक्तदाब घेतला. तो १५०/९६ निघाला. ताकद कुठेही कमी नव्हती, तरी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले, “एमआरआय आजच करून घ्या, उद्यावर टाकू नका.” त्या चिठ्ठीवर त्यांनी काय लिहिले ते मी पाहिले नाही. कोणाच्या कर्जाचे कागद मी असे न वाचता पुढे पाठवले असते तर साहेबांनी मला उभे केले असते.

सांगलीहून मिरजेला जायला फार वेळ लागत नाही आणि मिरज हे दवाखान्यांचेच गाव असल्यामुळे त्याच रात्री आठची वेळ मिळाली. तिथल्या ताईंनी अंगावरचे सगळे धातूचे उतरवायला सांगितले. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी निघाली. मग त्या म्हणाल्या, “पिना?” बांगड्यांत अडकवलेल्या तीन, मंगळसूत्राला एक आणि ड्रेसच्या गळ्याशी आतून लावलेली एक अशा पाच सेफ्टी पिना निघाल्या, शेवटची माझ्या लक्षातही नव्हती. नाकातली चमकी सात-आठ वर्षांत न काढल्यामुळे तिचा फिरकीचा मळसूत्र घट्ट बसला होता आणि तो साबणाच्या पाण्याने सोडवण्यात दहा मिनिटे गेली. ही काटेकोरपणाची हौस नव्हे. ते यंत्र दीड टेस्ला शक्तीचे होते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक. त्याच्यासमोर पोलादाची पीन हातातून सुटलेल्या बाणासारखी जाते. मी मात्र विचारले ते किरणांबद्दल, आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण मुळीच वापरत नाहीत, शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपून चित्र तयार होते, हे त्या ताईंनीच मला सांगितले.

आत सुमारे २५ मिनिटे लागली. अर्धशिशीच्या माणसाने एक गोष्ट आधी माहीत करून घ्यावी. बंदिस्तपणापेक्षा आवाज जास्त त्रास देतो. यंत्रातल्या गुंडाळ्यांतून प्रवाह भराभर चालू-बंद होतो आणि त्या थरथरतात, त्याचा तो ठोका असतो. डोके आधीच ठणकत असताना कानात बोळे आणि वरून हेडफोन असूनही कोणीतरी पत्र्यावर हातोडा मारत आहे असे वाटत होते. हातात रबरी फुगा दिला होता. तो दाबला की ते थांबवतात. मी दाबला नाही, पण तो हातात आहे एवढ्यावरच ती २५ मिनिटे निभावली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या पाकिटात फिल्म, सीडी आणि दोन पानांचा रिपोर्ट मिळाला. पहिल्या पानावर बहुतेक ठिकाणी सर्व ठीक असल्याचे लिहिले होते, ते मी भराभर ओलांडले. निष्कर्षात चार ओळी होत्या. दोन्ही बाजूंच्या फ्रंटल (कपाळामागच्या) भागातील श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूच्या आतल्या मज्जातंतूंच्या पांढऱ्या भागात, टी-टू आणि फ्लेअर या एमआरआयच्या दोन चित्रप्रकारांवर उजळ दिसणारे काही सुटे, बारीक ठिपके; विशिष्ट कारण दर्शवत नाहीत; बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले इस्केमिक (रक्तपुरवठा कमी पडल्याचे) बदल असू शकतात, डिमायलिनेशनची (मज्जातंतूंवरचे आवरण नष्ट होण्याची) शक्यता वगळावी; रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. शिवाय उजव्या गालामागच्या सायनसचे अस्तर किंचित जाड.

मिरज स्टँडवर बसूनच मी मोबाइलवर शब्द शोधायला सुरुवात केली आणि तिथेच चूक झाली. ‘इस्केमिक’ शोधले की पक्षाघात येतो. ‘डिमायलिनेशन’ शोधले की मल्टिपल स्क्लेरोसिस हा ते आवरण नष्ट करणारा आजार येतो. ‘विशिष्ट कारण दर्शवत नाहीत’ हे शोधून काहीच येत नाही, म्हणून तो शब्द मी सोडून दिला. वास्तविक त्या चार ओळींतला सर्वांत महत्त्वाचा शब्द तोच होता. घरी पोहोचेपर्यंत माझ्या लेखी मला दोन आजार झालेले होते. यजमानांनी रिपोर्ट वाचून विचारले, “इस्केमिया म्हणजे हार्टमध्ये असतो तोच ना?” त्यावर घरात कोणी बोलले नाही. नणंदेने फोनवर फक्त शेवटची ओळ ऐकली आणि सगळे दुखणे सायनसचे आहे असे जाहीर करून वाफेचे यंत्र पाठवून दिले. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “अगं, डॉक्टरला दाखवल्याशिवाय कागद कशाला वाचायचा?” आम्ही तो वाचतच राहिलो.

मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ चौथ्या दिवशी मिळाली. मी रिपोर्ट पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि म्हणाले, “आधी तुम्ही सांगा.” पुढची वीस-पंचवीस मिनिटे ते विचारत होते आणि मी सांगत होते. मुंग्या एकदम आल्या की सरकत गेल्या? नजरेतले आधी गेले की हात आधी? किती मिनिटे? डोके कोणत्या बाजूचे, ठणका की दाब, जिना चढल्यावर वाढते का, उजेड नको वाटतो का, किती तास राहते? आयुष्यात पहिल्यांदा मी ती नागमोडी कड कोणाला कागदावर काढून दाखवली. पक्षाघातात लक्षणे बहुधा एकाच क्षणी कोसळतात, ऑरामध्ये ती मिनिटामिनिटाने पसरतात आणि एकामागून एक येतात. बोटांपासून निघून तोंडाशी पोहोचणाऱ्या मुंग्या हा ऑराचा ओळखीचा मार्ग आहे, असे त्यांनी सांगितले. मात्र तेवढ्यात त्यांनी बजावलेही, की असे पहिल्यांदाच घडते तेव्हा घरी बसून मिनिटे मोजायची नसतात आणि त्या दिवशी तातडीने पाठवणाऱ्या आमच्या डॉक्टरांचे बरोबरच होते.

मग त्यांनी सीडी लावली. रिपोर्टमधल्या ओळी ज्याच्याबद्दल होत्या ते मी तोवर पाहिलेच नव्हते. टी-टू या प्रकारात पाणी पांढरे दिसते. फ्लेअरमध्ये मेंदूभोवतीच्या आणि पोकळ्यांतल्या द्रवाचा संकेत मुद्दाम दाबून तो काळा केलेला असतो, म्हणजे त्याच्या शेजारची बारीकसारीक पांढरी जागा झाकली जात नाही. करड्या पडद्यावर मिठाचे कण सांडावेत तसे ते ठिपके होते. आम्ही मोजले, सात भरले. सर्वांत मोठा तीन मिलिमीटरचा. “एवढेच?” असे माझ्या तोंडून निघून गेले, कारण चार दिवसांत माझ्या कल्पनेत त्यांचे डाग झाले होते.

त्यानंतर त्यांनी जे केले त्यावरून रिपोर्ट कसा वाचायचा ते मला समजले. ठिपके कुठे आहेत याइतकेच ते कुठे नाहीत हे त्यांनी दाखवले. दोन गोलार्धांना जोडणारा पट्टा स्वच्छ होता. द्रवाच्या पोकळ्यांच्या कडेला काटकोनात, बोटांसारखे लांबट डाग नव्हते. मेंदूच्या पृष्ठभागाला अगदी लागून, मेंदूच्या देठात किंवा लहान मेंदूत काही नव्हते. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग ज्या ठिकाणी शोधायचे ती ही ठिकाणे. नव्या पक्षाघातासाठी डिफ्यूजनचे वेगळे चित्र असते, तेही निर्मळ होते. श्वेतद्रव्यातल्या अशा बदलांना ० ते ३ अशी श्रेणी देण्याची फाझेकास नावाची पद्धत १९८७ पासून वापरात आहे. सुटे, एकमेकांत न मिसळलेले ठिपके म्हणजे १. माझे तेवढेच.

“मग रिपोर्टमध्ये डिमायलिनेशन कशाला लिहिले?” मी विचारले. त्यांनी उलट विचारले, “चिठ्ठीवर काय होते?” पाकिटात तिची प्रत होती. डोकेदुखी, डाव्या हाताला बधिरपणा, एवढेच तीवर लिहिलेले होते. २४ वर्षांची अर्धशिशी नव्हती, डोळ्यांपुढची कड नव्हती, मुंग्या सरकत गेल्याचे नव्हते. आणि ते सगळे आमच्या डॉक्टरांना मीच सांगितले नव्हते. एकेचाळिशीतली बाई, एका हाताचा बधिरपणा आणि श्वेतद्रव्यात ठिपके, एवढ्याच गोष्टी समोर असलेल्या रेडिओलॉजिस्टने शक्यता मांडल्या आणि शेवटी लक्षणांशी ताडून पाहायला सांगितले. हे वाक्य मी जबाबदारी झटकणे समजत होते. खरे तर ‘माझ्यापुढे आलेल्या कागदांवरून एवढेच दिसते’ असे सांगणारा तो वकिलाचा प्रामाणिक शेरा होता.

ठिपक्यांबद्दल मला जे समजले ते माझ्याच कामाच्या भाषेत सांगते. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा एक रकाना असतो. त्यात कधी काळी सोसायटीकडून घेतलेल्या पीककर्जाची नोंद असते. कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण बोजा कमी करायला कोणी गेलेले नसते. नोंद पाहून एवढेच कळते, की इथे काहीतरी झाले होते. ते काय होते आणि आज त्याचे देणे आहे की नाही, हे दुसऱ्या कागदांवरून पाहावे लागते. अर्धशिशी असलेल्या माणसांत हे ठिपके जास्त आढळतात हे ठाऊक आहे. ते नेमके कशाने पडतात यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि वाढते वय यांनीही ते पडतात. म्हणूनच ‘विशिष्ट कारण दर्शवत नाहीत’.

नंतर मी या विषयावर बरेच वाचले, पण या वेळी शांतपणे. नेदरलँड्समध्ये ३० ते ६० वयाच्या सर्वसाधारण लोकांतून निवडलेल्या, अर्धशिशी असलेल्या २९५ आणि नसलेल्या १४० जणांचे एमआरआय करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्धशिशी असलेल्या स्त्रियांत खोल श्वेतद्रव्यात असे बदल मोठ्या प्रमाणात असण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती. लहान मेंदूच्या भागात, त्या व्यक्तीला पत्ताही न लागता होऊन गेलेले बारीक आघातही अर्धशिशीत जास्त दिसले, ५.४ टक्के विरुद्ध ०.७ टक्के, डॉक्टरांनी लहान मेंदू मुद्दाम का दाखवला ते मला तेव्हा उमगले. त्याच लोकांना नऊ वर्षांनी पुन्हा तपासले, त्याचा अहवाल २०१२ चा. अर्धशिशी असलेल्या ७७ टक्के स्त्रियांत ठिपके वाढले होते. हा आकडा एकटा वाचला तर झोप उडते. पण अर्धशिशी नसलेल्या ६० टक्के स्त्रियांतही ते वाढले होते, आणि ठिपके असण्याचा बुद्धी किंवा स्मरणशक्ती घटण्याशी संबंध आढळला नाही. पहिले वाक्य जिथे तिथे सापडते, दुसऱ्यासाठी शोधाशोध करावी लागते.

रिपोर्टमधली सायनसची ओळ डॉक्टरांनी हाताने बाजूला सारली. मेंदूचे चित्र काढले की विचारलेल्या प्रश्नाशी संबंध नसलेले काहीतरी त्यात निघतेच. रॉटरडॅममधील ४५ वर्षांवरील २००० लोकांचे एमआरआय केले तेव्हा ७ टक्क्यांहून अधिक जणांत जुने, नकळत झालेले आघात आणि १.८ टक्के लोकांत रक्तवाहिनीचे फुगे आढळले होते. माझ्या वाट्याला सर्दीचे अस्तर आले, यात तक्रारीला जागा नाही. वाफेचे यंत्र आता नणंदेकडे परत गेले आहे.

तपासणी इथे संपली असे वाटून मी पर्स उचलली, तेव्हा त्यांनी चालू औषधे विचारली. अनियमित पाळीसाठी सात महिन्यांपासून मी इस्ट्रोजेन हे संप्रेरक असलेल्या संयुक्त गोळ्या घेत होते. त्या सुरू करताना मला ‘डोके दुखते का’ असे विचारले होते आणि मी ‘पित्ताने दुखते’ असे सांगितले होते. त्यांनी पेन खाली ठेवले. ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रियांत पक्षाघाताचा धोका मुळातच सुमारे दुप्पट असतो. तरुण वयात तो मुळात फार थोडा असल्याने दुप्पट होऊनही थोडाच राहतो, पण इस्ट्रोजेनच्या गोळ्या, वाढलेला रक्तदाब किंवा सिगारेट यांची जोड मिळाली की तो चढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अशा स्त्रियांसाठी या गोळ्या चौथ्या, म्हणजे ‘वापरू नयेत’ या गटात आहेत. ज्या सात ठिपक्यांनी मला चार रात्री जागवले त्यांच्यावर त्यांनी काही उपाय सांगितला नाही, आणि जी गोळी मी रोज रात्री दुधाबरोबर निमूट घेत होते तीच त्यांनी त्या दिवशी बंद केली.

दुसरी गोष्ट वेदनाशामकांची. महिन्यात किती दिवस गोळी घेता, या प्रश्नावर मी ‘चार-पाच’ म्हणाले. यजमानांनी शांतपणे सांगितले, की औषधाच्या दुकानातली पट्टी तेच आणतात आणि हिशेब १३-१४ दिवसांचा आहे. मिश्र, म्हणजे एकाच गोळीत एकाहून अधिक औषधे असलेली, वेदनाशामके महिन्यात दहा किंवा अधिक दिवस अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, की त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागू शकते. हे कोणत्याही एमआरआयमध्ये दिसत नाही. खुद्द अर्धशिशीही दिसत नाही. तिचे निदान सांगण्या-ऐकण्यावरच होते, यंत्र फक्त दुसरे काही नाही ना, एवढे पाहते.

दम्याचा त्रास नाही याची खात्री करून त्यांनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केले, कारण ते अर्धशिशीचे झटके कमी करते आणि रक्तदाबालाही उपयोगी पडते. साखर, कोलेस्टेरॉल, आठवडाभर घरी रक्तदाबाची नोंद आणि डोकेदुखीची वही, एवढे सांगितले. पुढचा एमआरआय केव्हा, असे मी विचारले. “नवे काही घडले तर. नाहीतर कशाला? दोन ठिपके वाढले म्हणून मी औषध बदलणार नाही. आणि पुढच्या वेळी तुम्ही तीन टेस्लाच्या यंत्रात गेलात तर तिथे बारीक ठिपके जास्त दिसतील, मग पुन्हा चार रात्री जागाल.”

वहीसाठी मी बँकेची जुनी रोजकीर्द वापरते. पहिल्या महिन्यात ११ दिवस डोके दुखले, कारण गोळ्या एकदम कमी केल्यावर ते आधी वाढते. पाचव्या महिन्यात चार दिवस. रक्तदाब आता १३०/८४ च्या आसपास असतो. मुंग्या त्यानंतर एकदाच आल्या, तशाच बोटांपासून सरकत, आणि या वेळी माझ्या हातात घड्याळ होते. फिल्मचे पाकीट कपाटावर आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मी जूनमध्ये गेले आणि डोळ्यांपुढच्या त्या नागमोडी कडेपासून सगळे सांगितले. त्यांनी पाळीसाठी इस्ट्रोजेन नसलेला पर्याय दिला आणि माझ्या फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने दोन ओळी लिहिल्या: ऑरासह मायग्रेन. इस्ट्रोजेन देऊ नये. त्या दोन ओळींचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे आणि कोणत्याही दवाखान्यात चिठ्ठी लिहायला घेतली की तो आधी पुढे करते.